बूच शाबूत

नवऱ्याच्या शर्टाला दारूचा वास आला की बायका काय करतात? कुणी रडतं, कुणी भांडी आपटतं, कुणी आईला फोन लावून तासभर उणीदुणी काढतं. हिनं शर्ट खिडकीपाशी नेला, उलटा केला आणि नाक लावून वासाची जागा शोधायला लागली. उजवी बाही कोपरापर्यंत. छातीवर दोन शिंतोडे. काखेत काही नाही. कॉलरच्या आत काही नाही. म्हणजे दारू बाहेरून लागलेली होती, आतून आलेली नव्हती.

हे तिला कळायचं, कारण तिचा धंदाच तो. मोठ्या लाँड्रीत काउंटरवर बसून येणारा कपडा घ्यायचा, डाग बघायचा, हुंगायचा आणि चिठ्ठीवर लिहायचं: तेल, शाई, रक्त, औषध. चिठ्ठी चुकली की कपड्याची वाट लागलीच म्हणून समजा. अठरा वर्षांत तिची चिठ्ठी चुकली नव्हती. लाँड्रीत सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे, आणि ती ते मुकाट्यानं ऐकून घ्यायची, कारण मनातून तिला ते आवडायचं. बाटलीतून सांडलेल्या दारूचा वास वेगळा आणि पोटात जाऊन घामातून बाहेर पडलेल्या दारूचा वेगळा. लग्नानंतर काही वर्षांनी घरात शिरलेला दुसरा वास तिनं चौदा वर्षं सोसला होता. तो तिला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

चार वर्षांपूर्वी तिनं एकदाच सांगितलं होतं, आवाज न चढवता. "यापुढे एक थेंब, आणि मी लेकीकडे जाईन. मागे वळून बघणार नाही." लेक दूरच्या शहरात संसाराला लागलेली. नवऱ्यानं त्या दिवशी सोडली ती सोडली. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. चार वर्षं ती रोज संध्याकाळी दार उघडताना श्वास आत ओढायची, मग "आलात?" म्हणायची.

आणि अशा माणसाला नोकरी कसली, तर बूचवाल्याची!

शहर कचेरीचा नियम होता, फळ्या रंगवून चौकाचौकांत लावलेला. बाग, तळ्याचा काठ, बसथांबा, पायऱ्या, अशा सार्वजनिक जागी दारूची उघडी बाटली दिसली तर ती जप्त. बंद असेल तर खुशाल घेऊन जा, कुणी हात लावणार नाही. सगळी गंमत बुचात. म्हणून या पथकाला लोक बूचवाले म्हणायचे. दोघादोघांची जोडी असायची, एक पावती लिहिणारा, एक बाटली उचलणारा. लोकांच्या सबबी ऐकाव्यात! "उघडी आहे साहेब, पण मी पीत नव्हतो, तिला जरा वारा देत होतो." पूर्वी बाटली तिथल्या तिथे गटारात ओतायची पद्धत होती. पण एकदा एक गृहस्थ आपली महागडी बाटली ओतताना बघून सख्खा भाऊ गेल्यासारखे रडले, गर्दी जमली, पथकालाच शिव्या बसल्या. तेव्हापासून दिवसभरातल्या बाटल्या कचेरीच्या मागच्या अंगणात न्यायच्या आणि दुपारी चार वाजता एका माणसानं मोरीत ओतायच्या, असं ठरलं.

तो एक माणूस गेले दोन महिने तिचा नवरा होता. मांजराला दुधाची राखण!

"मी कुठे मागितलं?" तो म्हणाला होता. "वरून हुकूम आला. नाही कसं म्हणणार?"

तिनं मान डोलावली. बाहीवरचा वास बाहेरचाच होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पण दोन महिने तिनं परीक्षा घेणं सोडलं नाही. तो चप्पल काढत असतानाच ती म्हणायची, "म्हणा बघू, चटईला टाचणी टोचली."

"अगं, दमून आलोय."

"म्हणा."

"चटईला टाचणी टोचली, चटईला टाचणी टोचली, चटईला टाचणी टोचली. झालं समाधान?"

एकही अक्षर घसरायचं नाही. तिचं समाधान मात्र व्हायचं नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं. तो अलीकडे बरा दिसायचा, हेच तिला खटकायचं. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित, मधूनच शीळ घालायचा. आता नवरा शीळ घालतो म्हणून काळजी करणारी बाई वेडीच म्हणायची, पण चौदा वर्षं काढलेल्या बाईला विचारा. तो खूश असण्याचं कारण तिला माहीत नसलं की तिचं नाक आणखी तिखट व्हायचं.

मग त्या बुधवारी रुमाल सापडला.

धुवायचे कपडे बादलीत टाकण्याआधी खिसे चाचपायची तिला सवय. पँटच्या मागच्या खिशात रुमाल होता, चार घड्यांचा, नीट दाबून ठेवलेला. कडा कोरड्या. मध्यभागी मात्र दारूचा वास असा भपकन आला की तिनं मान मागे घेतली. सांडलेली दारू शिंतोडे उडवते, कडेनं ओघळते. घडी करून मधोमध जाऊन बसत नाही. हे कुणीतरी मुद्दाम, सावकाश केलं होतं.

तो रुमाल तिनं पिशवीत घालून लाँड्रीत नेला. इस्त्रीवाला भाऊ तिच्याआधीपासूनचा, तोंडाचा फाटका पण मनाचा साफ. तिनं नाव न सांगता रुमाल त्याच्यापुढे धरला.

"पिऊन तोंड पुसलंय कुणीतरी," तो म्हणाला.

"तोंड पुसलं तर लाळ लागते. आंबूस वास येतो. इथे काहीच नाही."

"मग प्यायलाच नाही म्हणा. सांडली असेल." त्यानं इस्त्री टेकवून ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "डॉक्टरीणबाई, घरचा आहे का रुमाल?"

"दाढ दुखतेय," ती म्हणाली. "चार वाजता जरा जाऊन येते."

कचेरी दहा मिनिटांच्या रस्त्यावर. मागच्या अंगणाला पत्र्याचं फाटक होतं आणि बिजागरीपाशी बोटभर फट. आयुष्यात पहिल्यांदा ती चोरासारखी कुणाच्या फाटकाला डोळा लावून उभी राहिली. शरमही वाटत होती आणि हटावंसंही वाटत नव्हतं.

नवरा एकटाच होता. मोरीच्या कडेला बाटल्या ओळीनं मांडलेल्या, पंधरावीस असतील. बाह्या दुमडल्या होत्या. एकेक बाटली उचलून तो उलटी करत होता. शेवटच्या घोटापर्यंत ओतायची, झटकायची, रिकामी टोपलीत टाकायची. कामात खोट काढायला जागा नव्हती. आता पिईल, या बाटलीला पिईल, म्हणून ती दात आवळून बघत होती आणि तो पीत नव्हता. खरं सांगायचं तर ती मनातून वाट बघत होती की एकदाचा पिऊ दे, म्हणजे मी खरी ठरेन. असं मन असतं माणसाचं.

शेवटची बाटली उरली. ती त्यानं लगेच उलटी केली नाही. पायरीवर बसला. बाटलीचं तोंड नाकाखाली धरलं आणि डोळे मिटले. किती वेळ? तिनं मोजलं नाही, पण तिचा पाय अवघडला. मग त्यानं खिशातून धुतलेला रुमाल काढला, घडीच्या मध्यावर चार थेंब सोडले, घडी मिटली आणि खिशात ठेवली. उरलेली दारू इतक्या सावकाश ओतली की धार सुतासारखी झाली. थेंबभरही ओठाला लावली नाही.

सुटकेचा निश्वास टाकायला हवा होता तिनं. पण तिनं त्याचा चेहरा पाहिला होता. तो चेहरा तिनं पूर्वी एकदाच पाहिला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि तेव्हा तो तिच्यासाठी होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पीत असता तर भांडता आलं असतं. याला काय म्हणायचं? सवतच की ही! रोज चार वाजता भेटायची सवत. आणि खिशात घालून घरी आणायची!

तशीच तरातरा पुढच्या दारानं आत गेली. पथकाच्या प्रमुख, ज्यांना सगळी कचेरी मोठ्या बाई म्हणायची, त्या चष्मा पुसत बसल्या होत्या. हिनं स्वतःची ओळख सांगितली आणि सरळ म्हणाली, "त्यांना त्या ओतायच्या कामावरून काढा."

"का? पितात?"

"वास घेतात."

मोठ्या बाईंनी चष्मा चढवून तिच्याकडे बघितलं. हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "अहो, वास घेण्याविरुद्ध नियम नाही. पिण्याविरुद्ध आहे. उगाच कुणाचं काम बदलता येत नाही, कागदावर कारण लागतं. आणि यांनी तर हे काम स्वतः अर्ज करून मागून घेतलंय."

"काय?"

"हा बघा." कपाटातून एक कागद निघाला. नवऱ्याचं अक्षर, तिरकं. मला या कामाची फार गरज आहे, तरी ते मला द्यावे. बस, एवढंच. "मला वाटलं घरची अडचण असेल. पण या कामाला जास्तीचं काही मिळत नाही, म्हणून नवल वाटलं. बाकी कुणाला नकोच होतं, देऊन टाकलं."

मी कुठे मागितलं, असं तो म्हणाला होता. डोळ्यात डोळे घालून म्हणाला होता. चार वर्षांचा जो काही विश्वास काडी काडी करून जमा झाला होता, तो त्या तिरक्या अक्षरापुढे भुईसपाट झाला.

"कारण लागतं ना?" ती म्हणाली. "कुठे लिहायचं?"

मोठ्या बाईंनी छापील कागद पुढे केला. 'कारण' या शब्दापुढे एकच ओळ होती. वास, चेहरा, रुमाल, सवत यांतलं काही त्या ओळीत मावण्यासारखं नव्हतं. अठरा वर्षांत जिची चिठ्ठी चुकली नव्हती तिनं जाणूनबुजून चुकीची चिठ्ठी लिहिली: माझा नवरा कामावर असताना दारू पितो असा मला संशय आहे. खाली सही केली.

संध्याकाळी तो नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"चटईला टाचणी टोचली," तो स्वतःहून म्हणाला आणि खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तिच्याच कागदाची नक्कल होती. तक्रार झाली की ज्याच्याविरुद्ध झाली त्याला नक्कल द्यावी लागते, हा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. खाली मोठ्या बाईंचा शेरा: चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.

"तू बघितलंस मला पिताना?" त्यानं विचारलं.

"तुम्ही खोटं बोललात. हुकूम आला म्हणालात. अर्ज तुमचा होता."

"ते खोटं बोललो. मी विचारतोय ते सांग. पिताना बघितलंस?"

तिनं पिशवीतून रुमाल काढला आणि कागदाशेजारी आपटला. "हे बघितलं. फाटकाच्या फटीतून सगळं बघितलं."

"म्हणजे पीत नव्हतो हेही बघितलंस."

तिनं कागद उलटा करून ठेवला.

"आणि मग जाऊन हे लिहिलंस." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला. "चार वर्षांत तू मला रोज विचारलंस, प्यायलात का. कसे राहता, हे एकदा तरी विचारलंस? दोन महिन्यांपूर्वी मी बाटली घेतली. ऐक, पूर्ण ऐक. काही झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. साधी दुपार होती. दुकानात गेलो, घेतली, तळ्याकाठच्या बाकावर बसलो. गणवेश अंगावर. हात बुचावर. तासभर. बूच फुटत नाही तोवर गुन्हा नाही, हा नियम मीच लोकांना शिकवतो. मला तुझं तोंड आठवलं. लेकीकडे जाणारी तू. म्हटलं, आज फुटणार नाही, पण उद्या? उठलो, कचेरीत गेलो, अर्ज लिहिला. पहिल्या दिवशी मोरीत पहिली ओतली ती माझीच."

"पण वास कशाला घ्यायचा?" ती ओरडलीच. "एवढा जीव जातो तर दहा कोस लांब राहावं माणसानं!"

"लांब राहिलो की ती मोठी होते. रात्रंदिवस डोक्यात. चार वाजता समोर बसवतो, वास घेतो, आणि माझ्या हातानं ओतून देतो. मग दुसऱ्या दिवसाच्या चारपर्यंत निभतं. कधी निभलं नाही, किंवा सुट्टीच्या दिवशी अंगण बंद असलं, तर त्यासाठी रुमाल. तुला सांगितलं असतं तर तू पटवून घेतलं असतंस?"

नसतं घेतलं. ते दोघांनाही माहीत होतं. ती खाली बसली आणि तिला इतकं मोठ्यानं रडू आलं की तिची तिलाच लाज वाटली. तो उठून तिच्याजवळ आला नाही. खुर्चीतूनच म्हणाला, "उद्या चार वाजता मी काय करीन, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिनं शाईला तेल लिहिलं आणि तेलाला रक्त. इस्त्रीवाल्यानं दोन्ही चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या. "दाढ काढून टाका एकदाची," तो म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत ती कचेरीत धावली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "मी खोटं लिहिलं. ते पीत नव्हते, मी डोळ्यांनी बघितलं होतं."

"हे लिहून द्याल?"

"देते."

तिनं लिहिलं, सही केली. मोठ्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकाच बाईच्या दोन सह्यांकडे बघत राहिल्या. "आता कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा? निदान आठ दिवस लागतील चौकशीला."

आठ दिवस. म्हणजे आठ वेळा चार वाजणार. ती घरी पळाली. दाराला कुलूप. फोन लावला, तो आतच वाजत होता. शंका घ्यायला तिला कधी कष्ट पडले नव्हते, पण त्या दिवशी रस्त्यातला प्रत्येक झुकलेला माणूस तिला नवरा वाटला. तळ्याकाठी पोचली तेव्हा चाराला पाच मिनिटं होती.

तो बाकावर बसला होता, साध्या कपड्यांत. दोन गुडघ्यांच्या मध्ये बाटली, बुचावर अंगठा. समोर त्याच्याच जोडीतला लिहिणारा उभा होता, पावतीपुस्तक हातात, चेहरा रडवेला.

"वहिनी, मी काय करू सांगा," लिहिणारा म्हणाला. "अर्धा तास झाला. बूच शाबूत आहे. मला हात लावता येत नाही."

तिची नजर आधी बुचावर गेली आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे. हा क्रम त्यालाही दिसला. त्याच्या कपाळावर घाम होता. ती शेजारी बसली. कपाळाला नाक लावून तो घाम हुंगावा असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचा रागही आला. तिनं हुंगला नाही. हात पुढे केला.

"द्या इकडे."

त्यानं अंगठा काढायला वेळ लावला, पण बाटली दिली. तिनं बूच पिरगाळलं. कर्रकन आवाज झाला.

"अहो वहिनी!" लिहिणारा ओरडला. "सार्वजनिक जागी उघडलीत! आता मला तुमची पावती फाडावी लागेल."

"फाडा की. कारण नीट लिहा मात्र."

बाकाच्या मागे पावसाळी गटाराची जाळी होती. तिथे ती बसली आणि बाटली तिरकी केली. भसकन ओतायला गेली तर मागून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सावकाश." ती सावकाश ओतायला लागली. धार बारीक केली. तरी तिला सवय नव्हती, निम्मी जाळीत गेली आणि निम्मी तिच्या दोन्ही हातांवरून मनगटापर्यंत ओघळली. चौदा वर्षं जिचा तिरस्कार केला ती बोटाबोटांतून ठिबकत होती. बाटली रिकामी झाली तेव्हा तिनं ती झटकून लिहिणाऱ्याच्या हातात दिली.

नवरा तिच्यासमोर जमिनीवरच येऊन बसला होता. तिचे ओले हात त्यानं आपल्या हातांत घेतले, ओंजळीसारखे जुळवले आणि त्यांत नाक खुपसलं. डोळे मिटले. तिनं त्याचा चेहरा आता बोटभर फटीतून नाही, अगदी जवळून पाहिला. लिहिणाऱ्यानं पाठ फिरवली आणि पावती लिहायला घेतली.

तिनं हात मागे घेतले नाहीत.